गल्ला तसाच राहिला : इंदूरमधल्या एका मेडिकलच्या लुटीचं प्रकरण

अन्नपूर्णा रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचं मेडिकल आहे. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. मी डी. फार्म. करून आले आणि लग्नानंतर काउंटरवर उभी राहिले, त्याला आता २६ वर्षं झाली. गिऱ्हाईक सुदामानगर, लोकमान्यनगर भागातलं, निम्मं मराठी. बहुतेकांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मला तोंडपाठ आहेत.

हे प्रकरण आमच्याच दुकानातलं आहे. मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि घटनांचा क्रम घडला तसाच ठेवला आहे. अशा लेखात ‘रुग्ण’ लिहायची पद्धत असते, पण मला ते जमत नाही. तो पाचवीत होता तेव्हापासून आईसाठी थायरॉईडच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे येतो. आता २९ वर्षांचा आहे, तरी मी ‘मुलगा’च लिहिणार.

त्या रात्री

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले असतील. हाताखालचा पोरगा घरी गेला होता. शटर अर्धं खाली ओढून मी दिवसाचा हिशोब लावत बसले होते. एक जण वाकून आत आला. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हातात पेपर कटर. खोकी फोडायला आम्ही वापरतो तसलाच.

‘‘पत्ते निकालो. दर्द वाले. जल्दी.’’

मी गल्ला उघडून त्याच्यापुढे सरकवला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. ‘‘वो नहीं चाहिए,’’ म्हणाला आणि कटरने उजवीकडचं कुलूपबंद कपाट दाखवलं. मग गजानन महाराजांच्या तसबिरीकडे. त्या कपाटाची किल्ली तसबिरीमागच्या खिळ्याला असते. हे बाहेरच्या माणसाला कसं ठाऊक, असं माझ्या डोक्यात आलं खरं, पण भीतीपुढे ते तिथेच राहिलं.

वाफेने धूसर झाली म्हणून त्याने हेल्मेटची काच वर केली होती. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. नाक वाहत होतं आणि तो ते रेनकोटच्या बाहीला पुसत होता. बाही वर सरकली तेव्हा हातावर काटा आलेला दिसला, पीस उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा. आणि तो जांभया देत होता. हातात कटर धरून, माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून, एकामागून एक, जबडा दुखेल अशा जांभया. त्या कटरपेक्षा त्या जांभया मला अजून जास्त आठवतात.

माझा हात थरथरत होता, किल्ली लागत नव्हती. तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘काकू, लवकर करा ना, प्लीज.’’

मराठीत बोलून गेला. ते शब्द तोंडातून गेले आणि आम्ही दोघंही थांबलो. त्याने मान खाली घातली. मी त्याचं नाव घेतलं नाही, पण मी ओळखलंय हे त्याला कळलं होतं.

ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या औषधाचे ९ पत्ते होते, ते त्याने खिशात कोंबले. त्यांतला एक तिथेच फाडला आणि तीन-चार कॅप्सूल कोरड्याच गिळायला लागला. गिळता येईनात. मी काउंटरखालची पाण्याची बाटली उचलून त्याला दिली. का दिली, हे नंतर पोलिसांनीही विचारलं. माझ्यासमोर कुणी औषध घेत असेल तर मी पाणी देते, याहून दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाणी पिऊन तो शटरखालून वाकून गेला. कॅमेऱ्यात हे सगळं मिळून चार मिनिटांचंसुद्धा नाही. गल्ल्यातले पैसे जसेच्या तसे होते.

मागचं सव्वा वर्ष

त्याच्या स्कूटीला बायपासवर अपघात झाला होता. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातला. दवाखान्यातून सुटताना दिलेल्या चिठ्ठीत ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी होती, दिवसातून दोनदा, १० दिवस. त्या चिठ्ठीत काहीही चूक नव्हती. हाड मोडल्याच्या दुखण्याला हे औषध योग्य आहे आणि १० दिवसांची मुदतही योग्य आहे.

अकराव्या दिवशी त्याचे बाबा तीच चिठ्ठी घेऊन आले. ‘‘अजून ठणकतंय म्हणतो.’’ मी आणखी १० दिवसांच्या दिल्या. शेजारधर्म म्हणून दिल्या, आणि डॉक्टरकडे जायचं तर पुन्हा फी, पुन्हा रिक्षा, पाय टेकवत नाही अशा पोराला घेऊन कुठे फिरतील, असं वाटलं म्हणूनही. मेडिकलवाल्याच्या हातून बहुतेक चुका होतात त्या अशाच दयेपोटी होतात. नफ्यासाठी करणारे आहेत, पण ते वेगळे.

दोन महिन्यांनी तो कामावर रुजू झाला. देवास नाक्याकडच्या एका गोदामात रात्रपाळी, आठ तास उभ्याने. आता तो स्वतः यायचा. पुढचं मी सांगते आहे ते मला सांगायला सर्वांत जड जातं. एक दिवस तो म्हणाला की दोनाने भागत नाही, चार घेतो. मी म्हटलं, अरे, त्यात पॅरासिटामॉल आहे, असं वाढवत गेलास तर लिव्हरला बरं नाही. त्यापेक्षा साधी ५० मिलिग्रॅमची ट्रामाडॉल कॅप्सूल घे. माहितीच्या दृष्टीने माझं बोलणं बरोबर होतं. पण समोरचा माणूस दुखण्यासाठी चार घेतोय की चारशिवाय उभाच राहू शकत नाही, हे मी विचारलं नाही.

ट्रामाडॉल अफूपासून काढत नाहीत, ते प्रयोगशाळेत बनतं. जर्मनीत १९७७ मध्ये बाजारात आलं तेव्हापासून त्याची ख्याती ‘हलकं’ अशी. मॉर्फिनच्या मानाने ते हलकं आहेही. पण त्याचं काम दुहेरी चालतं. यकृत त्याचं दुसऱ्या एका द्रव्यात रूपांतर करतं आणि ते द्रव्य मेंदूत मॉर्फिन जिथे बसतं तिथेच जाऊन बसतं. त्याशिवाय मूळ औषध सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन या मेंदूतल्या रसायनांचं प्रमाणही वाढवतं, म्हणजे उदासीवरच्या काही औषधांसारखं वागतं. म्हणून कित्येकांना त्याने गुंगी येण्याऐवजी तरतरी येते. मुलगा नंतर म्हणाला, ‘‘काकू, पहिल्यांदा घेतली त्या रात्री पाय तर दुखला नाहीच, पण सगळं ओझं कुणी उतरवून ठेवल्यासारखं झालं. सुपरवायझर ओरडला तरी वाईट वाटलं नाही.’’ नशा करतोय असं त्याला वाटलंच नाही. कामाला ताकद यावी म्हणून औषध घेतोय, असंच तो धरून चालला होता.

माळव्यात राहून हे आम्हाला कळू नये याचं मला राहून राहून नवल वाटतं. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमचला सरकारचा अफू आणि अल्कलॉइडचा कारखाना आहे, आणि या शेतीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. पाहुण्यापुढे अफू धरण्याच्या जुन्या चालीच्या गोष्टी इथे घरोघरी ऐकायला मिळतात. अफू म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं लगेच सावध होतात. पण तीच माणसं चकचकीत पत्त्यातली कॅप्सूल निर्धास्तपणे नातवाच्या हातावर ठेवतात. ती मेडिकलमधून आली, चिठ्ठीवर लिहून आली, मग ती औषधच.

एक वर्ष होईपर्यंत तो दिवसाला १४ कॅप्सूलवर पोचला होता, म्हणजे ७०० मिलिग्रॅम. या औषधाची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. तिच्या वर गेलं की फिटचा झटका येण्याचा धोका झपाट्याने वाढतो. त्याला आलाच. गोदामात, पहाटे चार वाजता. घरच्यांनी एका डॉक्टरांकडे नेलं, तिथे अपस्माराचं औषध सुरू झालं. दुसरं काही घेतोस का, हे तिथे त्याला कुणी विचारलं नाही. अपस्माराची चिठ्ठी घेऊन त्याचे बाबा माझ्याकडेच आले. एकाच घरातून आठवड्याला ट्रामाडॉलचे पत्ते जातात आणि आता झटक्याची गोळीही जाते, हे माझ्या एकटीच्या डोळ्यांपुढे होतं. मी जोड लावली नाही. गर्दी होती, महिन्याची पहिली तारीख होती.

रजिस्टर

ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. हे शेड्यूल २०१३ च्या अधिसूचनेने आलं आणि मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातलं औषध विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि रजिस्टर ३ वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखालीही, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. संघटनेच्या बैठकीत ऐकलं होतं, सह्याही केल्या होत्या.

लुटीनंतर तिसऱ्या रात्री मी वर्षभराची खरेदीची बिलं आणि ते रजिस्टर घेऊन बसले. एका बाजूला आलेले पत्ते, दुसऱ्या बाजूला नोंदलेले पत्ते. निम्म्याहून जास्त माल रजिस्टरमध्ये नव्हताच. सुरुवातीला मी घरी म्हटलं की हाताखालच्या पोराने दिले असतील. मग कच्च्या वहीची पानं चाळली. ‘ट्रामा २’, ‘ट्रामा ३’, पुढे मुलाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. हस्ताक्षर माझं होतं. एका पानावर तर त्याच दिवशी सकाळी २ आणि संध्याकाळी ३ असं लिहिलेलं होतं. सकाळचं लिहिताना मी होते आणि संध्याकाळचं लिहितानाही मीच होते.

पुढे औषध निरीक्षकांपुढे मी दोन्ही वह्या ठेवल्या. परवाना काही दिवसांसाठी निलंबित झाला. शटरवर नोटीस लागली, लोक वाचून जात. ती शिक्षा योग्य होती.

‘बंद केलंय’

लुटीच्या साधारण तीन आठवडे आधी आमच्या भागात तपासणी झाली होती. दोन-तीन दुकानांवर कारवाई झाली आणि एका दिवसात सगळ्या गल्लीने ट्रामाडॉल सुट्टं देणं बंद केलं. मीही केलं. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा म्हटलं, ‘‘नाही रे बाळा, आता मिळणार नाही. बंद केलंय.’’

तो काउंटरची कड धरून उभा राहिला. ‘‘एकच पत्ता द्या काकू, उद्या चिठ्ठी आणतो.’’

‘‘नको मला अडचणीत आणूस.’’

तो गेला. मला बरं वाटलं, कायद्याने वागले असं वाटलं. या सगळ्या प्रकरणात मी सव्वा वर्ष केलेल्या चुकीबद्दल लोक मला बोलतात आणि ते ठीकच आहे. पण दुसरी चूक या संध्याकाळची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण बाहेरून ती चूक दिसतच नाही. दिवसाला ७०० मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाचं औषध मी एका वाक्यात तोडलं आणि पुढे कुठे जायचं ते सांगितलं नाही. ‘मनोविकाराच्या डॉक्टरकडे जा’ एवढे चार शब्द पुरले असते. मला ते सुचले नाहीत, कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे माझा परवाना होता.

त्याने आणखी काही दुकानं पालथी घातली. एम. वाय. हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात गेला, तिथे ठोक व्यापारी त्याला का देतील? मग एका ओळखीच्याकडून काळ्याबाजारात कितीतरी पट भावाने घेत राहिला. पगार संपला. शेवटचे तीन दिवस हातात काहीच नव्हतं.

ओपिऑइड, म्हणजे अफू-मॉर्फिनसारखं काम करणारं औषध, अचानक सुटलं की १२ ते २४ तासांत शरीर बंड करतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोचतं. डोळे-नाक वाहतं, जांभया, अंगावर काटा, घाम, पोटात मुरडा, जुलाब, पायांत अशी ओढ की स्थिर पडवत नाही, झोप नाही. ट्रामाडॉलच्या बाबतीत काहींना यात भर म्हणून भयंकर घबराट सुटते, विजेचे चटके बसल्यासारखं होतं, भास होतात. ही लक्षणं मोजायचा एक तक्ता डॉक्टर वापरतात. त्यात ११ गोष्टी पाहतात. त्यांतली एक जांभई आहे, एक अंगावरचा काटा, एक वाहणारं नाक आणि डोळे. त्या रात्री माझ्यापुढे तो तक्ताच उभा होता म्हणायचा. अभ्यासक्रमात हे मी शिकलेच नव्हते असं नाही.

अमेरिकेत काय झालं

हा विषय निघाला की कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण देतं, तेव्हा तेही पाहून ठेवावं. तिकडे १९९६ मध्ये ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची लांब टिकणारी गोळी मोठ्या जाहिरातीने आली, तिची सवय लागत नाही असं डॉक्टरांच्या मनावर ठसवलं गेलं. पुढे कंपनीने २००७ आणि २०२० असा दोनदा न्यायालयात गुन्हा कबूल केला. दुकानं लुटण्याचा प्रश्न त्याही आधीचा आहे, कारण नियंत्रित औषधांसाठी मेडिकल लुटणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा त्यांनी १९८४ मध्येच केला होता. २०११ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मेडफर्ड गावात एका माणसाने हायड्रोकोडोन या दुसऱ्या ओपिऑइडच्या गोळ्यांसाठी मेडिकलमध्ये चार जणांना गोळ्या घातल्या. दोन कामावरची माणसं, दोन गिऱ्हाइकं. मी हे पहिल्यांदा वाचलं ते आमच्या घटनेनंतर, आणि वाचून रात्रभर झोपले नाही.

मग तिकडे वेळेनेच उघडणाऱ्या तिजोऱ्या आल्या. मेडिकल दुकानांच्या एका मोठ्या साखळीने २०१५ मध्ये इंडियाना राज्यात सुरुवात केली. बटण दाबलं तरी तिजोरी काही मिनिटांनी उघडते आणि दारावर तशी पाटी असते. उपाय चांगला आहे. पण त्याच काळात दुसरीकडे चिठ्ठ्या लिहिणं एकदम आवळलं गेलं, आणि ज्यांना सवय लागली होती त्यांतले कित्येक हेरॉइनकडे आणि पुढे फेंटानिल या फार जहाल ओपिऑइडकडे गेले. २०२२ या एका वर्षात तिथे नशेच्या द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसं गेली. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला, की ओपिऑइड घेणाऱ्याचं औषध अचानक तोडू नका, त्यातून तीव्र त्रास होतो, आत्महत्याही होतात. तो इशारा मी छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. माझं ‘बंद केलंय’ त्याच्या शेजारी लिहून ठेवावं असं कधीकधी वाटतं.

आपल्याकडचे आकडेही लहान नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात २.०६ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास, ओपिऑइड वापरणारे निघाले. त्यांत औषधाच्या दुकानातल्या ओपिऑइडचे ०.९६ टक्के. एक दार बंद झालं की दुसरं उघडतं हेही इथे दिसतं. ट्रामाडॉल आवळल्यावर टॅपेन्टाडॉल या तशाच दुसऱ्या औषधाची मागणी वाढली. टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचं उघड झालं तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला त्यांचं उत्पादन आणि निर्यात थांबवावी लागली.

तक्रार

त्या रात्री मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. घरचे म्हणाले, पोराच्या आईवडिलांना बोलाव, आपसात मिटव. पण लूट आपसात मिटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ खाली तिला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि तक्रारदाराने माफ केलं म्हणून ती पोलीस ठाण्यात बसून संपत नाही. शिवाय गेलेला माल एनडीपीएसमधला, त्याचा हिशोब द्यावाच लागणार होता. खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखी एक होतं. तो ९० कॅप्सूल घेऊन गेला होता. आधी झटका येऊन गेलेला मुलगा, तीन दिवस उपाशी, आता एकदम किती गिळेल? त्याला त्या रात्रीच कुणीतरी शोधायला हवं होतं. मी नाव सांगितलं.

पहाटे तो घराजवळच्या बागेत बाकावर सापडला. ठाण्यात नेल्यावर दोन तासांत त्याला झटका आला. मी हवालदाराला आधीच फोनवर सांगितलं होतं की याला फिट येऊ शकते, ट्रामाडॉल आहे म्हणून डॉक्टरांना सांगा. त्यांनी ते चिठोऱ्यावर लिहून घेतलं आणि दवाखान्यात दाखवलं, म्हणून यावेळी अपस्माराच्या नावाखाली ते दडलं नाही. सव्वा वर्षात मी केलेलं एवढं एकच काम नीट झालं.

कायद्याची बाजू वकिलांनी समजावली ती लिहून ठेवते, कारण अनेक घरांत ती कुणाला ठाऊक नसते. एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा तो खटला टळू शकतो. ट्रामाडॉलची अल्प मात्रा ५ ग्रॅम आहे. ९० कॅप्सूलमधलं शुद्ध औषध साडेचार ग्रॅम भरतं, पण २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात, म्हणजे कॅप्सूलमधली बाकीची भुकटीही. तेव्हा हा आधार वाटतो तितका पक्का नाही. लुटीला तर तो लागूच नाही. तो खटला चालू आहे.

उपचार

जामिनानंतर घरच्यांना कुणीतरी एक खाजगी नशामुक्ती केंद्र सुचवलं. सहा महिने आत ठेवायचं, भेटायचं नाही, ‘शिस्त’ लावतात. त्याची आई माझ्याकडे आली. तिला माझ्याकडे यावंसं वाटलं, यावर काय बोलावं मला कळेना. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘‘तुम्ही दिल्यात, तुम्हीच सांगा आता काय करू.’’ मी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेले.

तिथे त्याला ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोनची जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. त्याचे बाबा अडून बसले : एक सोडवायची आणि दुसरी लावायची, हा कसला इलाज? डॉक्टरांनी त्यांना कुलपाचं उदाहरण दिलं. ही किल्ली त्याच कुलपात बसते, पण अर्धीच फिरते. त्रास थांबतो, ओढ थांबते, पण मात्रा वाढवत नेली तरी एका टप्प्यापुढे परिणाम वाढत नाही, आणि आत किल्ली बसलेली असल्यामुळे दुसरीला जागा राहत नाही. नॅलोक्सोन अशासाठी, की कुणी ती विरघळवून सुईने घ्यायला गेला तर उलटून त्रास व्हावा. बाबांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही सांगता येत नाही. गोळी मात्र ते स्वतः रोज समोर बसून देतात. दोन महिन्यांनी एकदा मुलगा घसरला, पाच कॅप्सूल घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, मात्रा बदलली.

जिथे असा विभाग हाताशी नाही तिथल्या लोकांसाठी नशामुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसची १४४१६ आहे. हे दोन्ही आकडे आम्ही आता बिलाच्या मागे छापतो.

दुकानात काय बदललं

पहिला विचार असा होता की ट्रामाडॉल ठेवायचंच नाही. लुटायला काही राहणारच नाही. दोन आठवडे ठेवलंही नाही. मग आमच्या मागच्या गल्लीतल्या आजोबांची मुलगी आली. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. ताजी चिठ्ठी हातात, चार दुकानं फिरून आलेली. सगळ्यांनी ‘नाही ठेवत’ म्हटलेलं. मी ‘नाही’ म्हणाले तेव्हा तिने विचारलं, ‘‘मग बाबांनी रात्र कशी काढायची?’’ १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या भीतीने आपल्याकडे दुकानदारांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं आणि कॅन्सरच्या रोग्यांनी त्याचे भोग भोगले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवावी लागली. तीच चूक मी माझ्या दहा फुटी दुकानात करत होते. दुसऱ्या दिवशी माल मागवला.

आता ५ पत्त्यांहून जास्त ठेवत नाही. किल्ली तसबिरीमागे नसते. तारीख उलटलेली चिठ्ठी चालत नाही, त्यावर वाद होतात, होऊ देते. रजिस्टरशेजारी एक दोनशेपानी वही ठेवली आहे. कुणी तिसऱ्यांदा आलं की त्यात लिहिते आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावते. काही डॉक्टर वैतागतात, काही उचलत नाहीत. एकदा एका सर्जनने फोनवरच म्हटलं, ‘‘मी १० दिवसांच्याच दिल्या होत्या, चार महिने झाले? पाठवा त्याला उद्या.’’ ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर माणसाला बाकावर बसवते, पाणी देते आणि मनोविकार विभागाची वेळ कागदावर लिहून देते. चिडून कागद फेकून जाणारेही आहेत. दोघं जण मात्र तो कागद घेऊन पोचले, हे तिथल्या बाईंनी मला सांगितलं.

मुलाला जामिनाच्या अटीप्रमाणे माझ्याशी बोलता येत नाही. परवानगीही वकिलांच्या हातून, लेखी आली. आईच्या थायरॉईडच्या गोळ्या न्यायला आता त्याचे बाबा येतात. परवा पैसे मोजताना त्यांनी एवढंच सांगितलं की तो आता दिवसपाळीला, बसून करायच्या कामाला लागला आहे आणि रात्री झोपतो.

साक्षीची तारीख अजून लागलेली नाही. वकील म्हणतात, विचारलं तेवढंच सांगा, मागच्या विक्रीचं स्वतःहून काढू नका. माझं ठरलं आहे. त्या रजिस्टरची पहिली पानं लवकरच ३ वर्षांची होतील, नियमाप्रमाणे मग ती जपायची गरज नाही. ते रजिस्टर आणि ती कच्ची वही मी एका कापडी पिशवीत बांधून घरच्या कपाटात ठेवली आहे. तारीख लागेल त्या दिवशी पिशवी बरोबर नेणार आहे.